कॅमेऱ्याच्या बॅगेत काय असावं? (अजिंठा-वेरूळच्या शेजाऱ्यांसाठी)



दरवर्षी फर्स्ट इयरची नवीन बॅच हॉस्टेलला आली, की दिवाळीच्या सुट्टीनंतर एक प्रश्न हमखास येतो. "ताई, फोटोग्राफी सुरू करायचीय. कुठला कॅमेरा घेऊ?" तोपर्यंत यूट्यूबवर दहा-बारा रिव्ह्यू बघून झालेले असतात आणि साठ-सत्तर हजारांचा एखादा सेट कार्टमध्ये टाकून ठेवलेला असतो. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी ही रक्कम म्हणजे जवळजवळ वर्षभराची मेस आणि हॉस्टेलची फी. त्यामुळे प्रश्न हौसेचा असला, तरी उत्तर देताना जरा जपूनच द्यावं लागतं.

माझं उत्तर ठरलेलं आहे. कॅमेरा कुठला, ते सगळ्यात शेवटी. आधी सांग, फोटो कुठे काढणार? कारण सामान जागा ठरवते, जाहिरात नाही. आणि जागांच्या बाबतीत आपण छत्रपती संभाजीनगरवाले भलतेच नशीबवान आहोत. शंभर किलोमीटरच्या आत अजिंठ्याचा अंधार आहे, वेरूळचा काळा दगड आहे, मकबऱ्याचा पांढरा घुमट आहे आणि नाथसागरावरचे लांब बसलेले पक्षी आहेत. कुठल्याही कॅमेऱ्याच्या या चार परीक्षाच समजा. या लेखात आपण एकेक वस्तू घेऊ आणि या परीक्षेत ती खरंच उपयोगी पडते का ते बघू.

आधी थोडा इतिहास (आपलाच आहे!)

राजा दीनदयाळ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. सहाव्या निजामाचे ते दरबारी फोटोग्राफर, आणि औरंगाबाद तेव्हा निजामाच्याच राज्यात होतं. पण हे गृहस्थ मुळात आपल्याच बिरादरीतले! रुडकीच्या थॉमसन कॉलेजात त्यांनी इंजिनिअरिंगचं शिक्षण घेतलं आणि इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केली. कॅमेरा त्यांनी नोकरी सांभाळून शिकला. तेव्हा "सबमिशन्समुळे वेळ मिळत नाही" हे कारण आपण देऊ नये.

त्यांच्याही आधीचा माणूस म्हणजे रॉबर्ट गिल. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला अजिंठ्याची लेणी पडली. पुढे १८४४ मध्ये मद्रासच्या फौजेतला अधिकारी गिल याला तिथल्या चित्रांच्या नकला करण्यासाठी पाठवलं. ना. धों. महानोरांच्या "अजिंठा" या काव्यातला आणि २०१२ च्या सिनेमातला, पारोचा गिल तो हाच. त्या काळात रंगीत फोटो निघत नव्हते, म्हणून चित्रांच्या नकला कॅनव्हासवर हातानंच रंगवाव्या लागत. पण लेण्यांच्या वास्तूसाठी त्यानं नंतर कॅमेरा हाती घेतला. तोही स्टिरिओ, म्हणजे आपल्या दोन डोळ्यांसारखे दोन फोटो काढणारा. त्याचे चौऱ्याहत्तर फोटो जेम्स फर्ग्युसनच्या १८६४ च्या पुस्तकात छापले गेले.

तेव्हाचं सामान काय होतं माहितीये? ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेच्या प्लेटला जागेवरच रसायन लावायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत लगेच धुवायची. म्हणजे कॅमेऱ्याबरोबर काचा, बाटल्या, पाणी आणि अंधाराचा तंबू एवढं सगळं बैलगाडीवर! आपल्या खिशातला फोन या तुलनेत चमत्कारच आहे. मग आपल्याला नेमकं कमी काय पडतं? चला, गणित मांडू.

१) प्रकाशाचं गणित (फुकट, पण सगळ्यात महत्त्वाचं)

फोटो म्हणजे ठरावीक प्रकाश सेन्सरवर पोचवणं. तो तीन ठिकाणी कमी-जास्त करता येतो. लेन्सचं छिद्र म्हणजे ॲपर्चर, किती वेळ उघडं ठेवायचं ते शटर, आणि आलेला सिग्नल किती वाढवायचा तो आयएसओ.

ॲपर्चरचा आकडा उलटा का असतो, हे पुष्कळांना कळत नाही. तो भागाकार आहे. फोकल लेंथ भागिले छिद्राचा व्यास. ५० मिमीच्या लेन्सला एफ १.८ म्हणजे सुमारे २८ मिमीचं छिद्र, आणि एफ ५.६ म्हणजे जेमतेम ९ मिमी. प्रकाश क्षेत्रफळावर अवलंबून, म्हणून दोन आकड्यांच्या गुणोत्तराचा वर्ग करायचा. उत्तर येतं ९.७. म्हणजे जवळजवळ दहापट फरक!

आता हे घेऊन अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यात शिरा. समोर पद्मपाणी, दिवे मंद. समजा एफ ५.६ आणि आयएसओ १६०० ला कॅमेरा म्हणाला, शटर पाव सेकंद हवं. पाव सेकंद हातात कॅमेरा स्थिर राहत नाही, फोटो हलतो. तेच एफ १.८ ला झालं एक चाळिसांश सेकंद. आयएसओ ३२०० केला की एक ऐंशीअंश. जुना नियम सांगतो, की शटर हे एक भागिले फोकल लेंथ यापेक्षा सावकाश नको. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे तिथे ५० मिमीची लेन्स ७५-८० मिमीसारखी वागते. म्हणजे एक ऐंशीअंश बरोबर बसलं. पेपर सुटला!

२) कॅमेरा : खिशातला, सेकंड हॅण्ड की नवा?

पहिले सहा महिने खिशातला फोनच वापरा. त्यात "प्रो" मोड असेल तर शटर आणि आयएसओ हातानं बदलून बघा. फोनच्या लेन्सवरही एफ १.८ लिहिलेलं असतं, मग तो मोठ्या कॅमेऱ्याइतका चांगला का नाही? कारण फोनचा सेन्सर बोटाच्या नखापेक्षा लहान, आणि डीएसएलआरचा साधारण चोवीस बाय सोळा मिमी. पसरट परातीत आणि वाटीत पाऊस सारखाच पडतो, पण पाणी परातीत जास्त साठतं. नाइट मोड ही उणीव बरीच भरून काढतो, कारण तो एकावर एक अनेक फोटो रचतो. भिंतीवरच्या चित्रासाठी हे छान चालतं. गॅदरिंगमध्ये नाचणाऱ्या मैत्रिणीसाठी नाही, ती हलते ना!

सहा महिन्यांनंतरही नाद टिकला, तर जुना डीएसएलआर बघा. बाजार आता मिररलेसकडे वळलाय, त्यामुळे लोक चांगले डीएसएलआर विकून टाकतात आणि आपला फायदा होतो. घेताना एवढं तपासा :

• शटर किती वेळा उघडलंय तो आकडा. साध्या मॉडेलचं शटर साधारण एक लाखाच्या हिशेबानं बनवलेलं असतं. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्ये हा आकडा सापडतो, कॅननच्या बऱ्याच मॉडेलना वेगळं सॉफ्टवेअर लागतं.
• एफ १६ ला स्वच्छ आकाशाचा एक फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे.
• लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. घेऊ नका.
• मूळ बिल आणि बॉडीवरचा सिरियल नंबर जुळतो का ते बघा. बिल नाही म्हटलं, की तिथूनच नमस्कार.

आणि एक जोडणीची गोची. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० या मालिकांतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यावर जुनी ५० मिमी एफ १.८ डी लेन्स लावली तर बसते छान, पण ऑटोफोकस होत नाही! "जी" असलेली, म्हणजे लेन्समध्येच मोटर असलेली हवी. तसंच कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स नव्या आरएफ मिररलेसवर ॲडॅप्टरशिवाय बसत नाहीत. स्वस्तात मिळतेय म्हणून उचलण्याआधी हे बघा.

३) लेन्स : पैसा घालायचा तर इथे

कॅमेऱ्याबरोबर १८-५५ ची किट लेन्स येते. तिला नावं ठेवायची फॅशन आहे, पण वेरूळला कैलास लेण्याच्या प्रांगणात तीच लागते. हे प्रांगण सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद, मधोमध एका दगडात कोरलेलं आख्खं मंदिर, आणि तुम्हाला मागे सरकायला कड्याची भिंत! तिथे १८ मिमीचा रुंद कोनच कामाला येतो. शिवाय बऱ्याच किट लेन्समध्ये हलणं कमी करायची सोय असते. अजिंठ्यातही १८ मिमीला एफ ३.५ ठेवून, श्वास रोखून, भिंतीचं चित्र बरं निघतं. भिंत हलत नसते.

दुसरी लेन्स म्हणजे ५० मिमी एफ १.८. नवी घेतली तर मॉडेलप्रमाणे साधारण दहा-पंधरा हजारांच्या घरात जाते, जुनी त्याहून स्वस्त. अंधारात हीच, गुलमंडीत संध्याकाळी माणसांचे चेहरे टिपायला हीच, हिमरूच्या मागावर बसलेल्या कारागिराचे हात टिपायलाही हीच. फक्त समोरच्याला आधी विचारा. "काका, एक फोटो काढू का?" एवढं म्हटलं की चेहऱ्यावरचा ताणही जातो.

लांबच्या टेलिफोटो लेन्सचा मोह सगळ्यांना होतो. नाथसागरावर हिवाळ्यात पक्षी बघायला गेलं की वाटतं, घ्यावी बाबा तीनशेची. थांबा. वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूसाठी पैसे अडकवू नका. ओळखीच्या फोटोग्राफरकडे एका दिवसासाठी भाड्यानं मिळते का ते विचारा.

४) हात स्थिर ठेवायचे उपाय (मेकॅनिकलवाल्यांनी जरूर वाचा)

यादीत सगळे पहिला ट्रायपॉड लिहितात. पण अजिंठा-वेरूळसारख्या संरक्षित जागी पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय ट्रायपॉड लावता येत नाही. ड्रोनचं तर नावच काढू नका. म्हणजे आपल्या चार परीक्षांपैकी तीन ठिकाणी तो गेटबाहेरच! गोगाबाबा टेकडीवरून रात्रीचं शहर घ्यायचं असेल किंवा हॉस्टेलच्या गच्चीवरून चांदण्यांचे फोटो, तर तो हवा. पण हलका, डुगडुगणारा घेऊ नका. मधली दांडी वर न काढता कॅमेरा स्थिर राहतो का, हे दुकानातच बघा.

त्याआधी दोन घरगुती उपाय.

पहिला, जुन्या जीन्सचा पाय कापून केलेली उशी. आत किलोभर राजमा किंवा हरभरे भरा आणि तोंड शिवून टाका. कट्ट्यावर, खिडकीत, गाडीच्या बॉनेटवर कॅमेरा मस्त बसतो. लेण्यांत मात्र ती मूर्तीवर, खांबावर, कोरीवकामावर ठेवायची नाही.

दुसरा, दोरी. कॅमेऱ्याच्या तळाला जे भोक असतं, त्याचे आटे पाव इंचाचे, इंचाला वीस. तेवढा एक छोटा बोल्ट घ्या, त्याला नायलॉनची दोरी बांधा, दुसरं टोक बुटाखाली दाबा आणि कॅमेरा वर ओढून धरा. ताणामुळे वर-खाली हलणं बरंच कमी होतं. खिशात मावतं आणि खर्च चहा-पोह्यांइतका. सावधगिरी एकच. हार्डवेअरच्या दुकानात एम ६ चा बोल्ट पटकन मिळतो आणि तो बसल्यासारखाही वाटतो. पण त्याचा पिच १ मिमी आणि आपल्याला हवा तो १.२७ मिमी. जोर लावलात तर कॅमेऱ्याचे आटे खलास. आणि पहारेकरी काका दोरीलाही नको म्हणाले, तर वाद न घालता खिशात ठेवा.

५) फ्लॅश : घेऊच नका

अजिंठ्यात फ्लॅशला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. प्रकाशानं रंगांची होणारी झीज साठत जाते, ती भरून येत नाही. आपला एकच फ्लॅश, असं प्रत्येकानं म्हटलं तर दीड-दोन हजार वर्षं टिकलेल्या चित्रांचं काय होईल, याचा हिशेब तुम्हीच करा.

शिवाय फोटोही वाईट येतो. १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून तज्ज्ञ बोलावून चित्रं जपण्याचं काम केलं, तेव्हा त्यांवर शेलॅकचा थर दिला गेला होता. अशा चकचकीत थरावर समोरून फ्लॅश मारला की पांढरा डाग उमटतो, चित्र राहतं बाजूला. १९९० च्या दशकात बिनॉय बहल यांनी इथल्या मंद उजेडातच चित्रांचे फोटो काढले आणि ते जगभर गाजले. म्हणजे अंधार ही अडचण नाही, घाई ही अडचण आहे.

कॉलेजच्या स्टेजसाठीही तेच. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. एक मीटरवर जेवढा पडतो, त्याचा चार मीटरवर सोळावा हिस्सा. शेवटच्या रांगेतून फ्लॅश मारल्यावर उजळतात ती फक्त पुढच्या दोन रांगांची डोकी!

६) बॅटरी, कार्ड आणि बॅकअप

एक जादा बॅटरी घ्या. अजिंठ्याला फर्दापूरच्या फाट्यावरून बदलाची बस घेऊन वर गेलात, की चार्जर शोधायला परत येणं नाही. कार्ड एक मोठं घेण्यापेक्षा ३२ जीबीची दोन घ्या. चोवीस मेगापिक्सेलची रॉ फाइल साधारण २५ एमबीची धरली, तर एकात हजार-बाराशे फोटो मावतात. एक बिघडलं तर दुसरं राहतं.

आणि आता सगळ्यात दुर्लक्षित वस्तू, बॅकअप. गिलची गोष्ट अर्धीच सांगितली होती ना? त्यानं वर्षानुवर्षं अजिंठ्यात राहून रंगवलेल्या नकला लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि बहुतेक सगळ्या जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम पुन्हा सुरू केलं. त्या नकलाही लंडनला गेल्या, आणि १८८५ मध्ये तिथल्या साउथ केन्सिंग्टन म्युझियममधल्या आगीत त्यातल्या शंभराहून जास्त नष्ट झाल्या. अजिंठ्याचं हे काम दोनदा जळालं! गिल १८७९ मध्ये गेला, त्याची कबर भुसावळला आहे. पण १८६४ च्या पुस्तकात छापलेले त्याचे फोटो राहिले, कारण त्याच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी होत्या.

ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांचं वय आपल्यासारखंच असणार. त्यांची मेहनत आठवा आणि तीन प्रती ठेवायची सवय लावा. एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी किंवा क्लाउडवर. हार्डडिस्क लॅपटॉपच्याच सॅकमध्ये ठेवली तर तो बॅकअप नाही. सॅक गेली की दोन्ही गेलं.

७) धूळ, ऊन आणि बुरशी

मराठवाड्याचा उन्हाळा म्हणजे धुळीचं साम्राज्य. लेन्स बदलताना वाऱ्याकडे पाठ करा आणि बॉडीचं तोंड खाली धरा. रबरी फुग्यासारखा ब्लोअर आणि मायक्रोफायबरचं फडकं, एवढ्यात काम भागतं. आधी फुंका, मग पुसा. ओढणी किंवा टी-शर्टनं पुसलं तर धुळीचा कण काचेवर ओरखडा काढतो. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत कॅमेरा ठेवू नका.

पावसाळ्यात उलटं. कॅमेरा महिनोन्महिने कपाटात बंद राहिला की लेन्सला बुरशी लागते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, झालं कोरडं कपाट तयार! महागडी बॅगही नको. रोजच्या सॅकमध्ये स्पंजचा कप्पा टाका. बाहेरून कॅमेऱ्याची बॅग दिसत नाही, हा प्रवासात फायदाच.

८) ज्याला पैसे पडत नाहीत असं सामान

एक वही. कुठला फोटो, किती वाजता, ऊन कुठून, हे लिहून ठेवा. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणून कैलासाच्या दर्शनी भागावर ऊन दुपारनंतर येतं. सकाळी सातला पोचून तिथे सावलीच मिळणार. मार्च महिन्यात दहा नंबरच्या विश्वकर्मा लेण्यात मावळतीची किरणं बुद्धमूर्तीपर्यंत पोचतात. हे कुठलीही लेन्स सांगत नाही, वही सांगते. आणि अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी बंद असतं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा!

दुसरं, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं बटण. कॅमेऱ्याला समोरची प्रत्येक गोष्ट मध्यम राखाडी वाटते. बीबी का मकबऱ्याचा घुमट संगमरवरी, बाकी बराचसा भाग पांढऱ्या गिलाव्याचा. तिथे कॅमेरा फोटो मळकट करतो, म्हणून अधिक एक करा. कैलासाच्या काळ्या बेसॉल्टला तो उगाच उजळवतो, तिथे उणे अर्धा ते एक. एका रविवारी दोन्ही जागी हा प्रयोग करून बघा. कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा जास्त शिकाल.

थोडक्यात, खरेदीचा क्रम

(१) फोन, वही आणि सहा महिने.
(२) किट लेन्ससह जुना, तपासलेला कॅमेरा, दोन कार्डं, जादा बॅटरी.
(३) ब्लोअर, फडकं, सिलिका जेल, डबा.
(४) राजम्याची उशी आणि दोरी.
(५) बाहेरची हार्डडिस्क.
(६) ५० मिमी एफ १.८.
(७) ट्रायपॉड, रात्रीचे फोटो खरंच काढत असाल तरच.
(८) टेलिफोटो, पहिल्या पगारातून!

एक सूचना सर-मॅडमना आणि रूममेट्सना. ही सगळी यादी एकट्यानं विकत घ्यायची गरजच नाही. एका मजल्यावर एक ट्रायपॉड, एक ५० ची लेन्स आणि एक हार्डडिस्क पुरते. चौघांनी वर्गणी काढली तर कुणाच्याच बाबांना जड जाणार नाही. आणि कुणी नवीन मुलगा किंवा मुलगी "कुठला कॅमेरा घेऊ?" विचारायला आली, तर तिला मॉडेलचं नाव सांगू नका. येत्या रविवारी बरोबर घेऊन जा, आणि तुमचा कॅमेरा तासभर तिच्या हातात द्या.

हॅपी क्लिकिंग!